बाथरूमला पट्ट्यांचे छत : आधी स्लॅब ठोकून पाहा

आपल्या घरांत रंग लागतो तो बैठकीच्या खोलीला. चौदा एप्रिल जवळ आला, बुद्धपौर्णिमा आली, पाहुणे येणार म्हटले की समोरच्या भिंतीला डिस्टेंपर आणि दाराला ऑइल पेंट. बाथरूमच्या छताकडे मान वर करून कोणी पाहत नाही. आणि पाहिलेच तर दिसते काय? तपकिरी डाग, सुटलेले पोपडे, कोपऱ्यात काळी बुरशी आणि एखाद्या ठिकाणी गिलावा पडून उघडी झालेली गंजकी सळई. त्याच्याच खाली आपले मूल रोज सकाळी अंघोळीला उभे असते.

यावर अलीकडे एक उपाय घरोघरी शिरला आहे. पीव्हीसीच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले छत. पांढरे, लाकडाच्या रंगाचे, संगमरवरासारखे, हवे तसे मिळते. एका दिवसात काम होते आणि वर पाहिले की घर नवे झाल्यासारखे वाटते. हे काम घरच्या घरी जमेल का, असा प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो. जमते. छोट्या बाथरूमसाठी ठेकेदार एक तर येत नाही, आला तर अंगावर येईल असा भाव सांगतो. कामगार कुटुंबातल्या दोन माणसांनी, नवरा-बायकोने किंवा माय-लेकाने, सुट्टीचा एक दिवस दिला तर चार बाय सहा फुटांचे बाथरूम नीट होते. पण त्याआधी एक अट आहे. झाकण्यापूर्वी जे झाकायचे आहे ते नीट पाहून घ्यायचे. नवे छत गळती थांबवत नाही, ती फक्त दिसेनाशी करते. आणि स्लॅबमधला गंज आपण पाहत नाही म्हणून थांबत नाही.

ओल कुठून येते ?

बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मोरी होती आणि संडास मजल्यावर सामाईक. मोरीच्या वर काय चालले आहे ते सगळ्या चाळीला ठाऊक असे. आता बहुतेकांची घरे सोसायटीत आहेत. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. त्या सुरुवातीच्या इमारती आता पंचविशी ओलांडून गेल्या आहेत. बाथरूम आत, उजेड नाही, वारा नाही, आणि वरच्या घराचे बाथरूम बरोबर आपल्या डोक्यावर.

वरच्या घराच्या बाथरूमखालचा स्लॅब पुष्कळ ठिकाणी खोलगट टाकलेला असतो. गवंडी त्याला संकन म्हणतात. त्यात पाईप बसवून वर विटांचे तुकडे भरतात आणि मग लादी लावतात. लादीच्या सांध्यातला सिमेंटचा भराव गेला, की सांडलेले पाणी त्या खड्ड्यात साठत राहते आणि हळूहळू आपल्या छतातून बाहेर पडते. जुन्या इमारतींत तर वरच्या घराचा नहाणी ट्रॅप आणि त्याचा पाईप सरळ आपल्याच बाथरूममध्ये लोंबत असतो.

ओल कुठली ते ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. चार-आठ दिवस लक्ष ठेवावे लागते. पेन्सिलने डागाभोवती रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे डाग वाढतो की नाही ते कळते. दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल, वरचे लोक गावी गेले तरी सुकत नसेल, तर संशय पाणी आणणाऱ्या नळाच्या पाईपवर घ्यावा. वरच्यांच्या अंघोळी आटोपल्या, की तासा-दोन तासांनी थेंब धरत असतील तर ट्रॅप किंवा लादीचे सांधे. फक्त पावसात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. म्हणूनच चौदा एप्रिलच्या तोंडावर घाईने छत झाकणाऱ्यांना आम्ही सांगतो, की गच्चीखालचे घर असेल तर एक पावसाळा पाहून घ्या. एप्रिलमध्ये कोरडा दिसणारा स्लॅब जुलैत काय करतो ते वेगळेच असते.

आणखी एक प्रकार आहे आणि तो गळती नव्हेच. हिवाळ्यात गरम पाण्याने अंघोळ झाली, की सगळ्या छतभर सारखे बारीक थेंब दिसतात. ती वाफ आहे. गार छताला लागून तिचे पाणी झाले. तिथे वरच्यांशी भांडून उपयोग नाही. वारा खेळता ठेवणे हाच इलाज.

वरच्या घराशी बोलण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पुष्कळदा माणसे हा विषय काढायला संकोचतात आणि मग छत झाकून मोकळी होतात. भांडणापेक्षा पट्ट्या बऱ्या, असा हिशेब. पण “वहिनी, आमच्या बाथरूमला पाणी उतरतंय, एकदा खाली येऊन बघता का?” एवढे म्हणायला काय लागते? डोळ्यांनी पाहिल्यावर बहुतेक माणसे समजून घेतात. मग त्यांच्या बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा घालून लादीवर दोन बोटे पाणी एक दिवस साठवून पाहावे. खाली ओल वाढली तर प्रश्न मिटला, दोष कुठे आहे ते दोघांनाही दिसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि सामाईक पाईपांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, आणि संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी घराच्या आतली गळती त्या त्या घरमालकाने. हे ठाऊक असले की बोलणे सोपे होते.

ठोकून पाहणे

गळती बंद झाली, आता स्लॅब. घोडीवर उभे राहून हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळे छत वीतभर अंतराने हलके ठोकावे. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो. जिथे थर सुटला आहे तिथे पोकळ, भदभद आवाज येतो. त्या जागेवर खडूने फुली मारावी. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर काहीतरी जाड हवे, कारण फुली मारतानाच ती जागा खाली आल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पांढरी बुकटी दिसली तर तो लोणा. पाणी झिरपल्याची खूण, पण त्यावरून सळईचे काही कळत नाही. तपकिरी डाग मात्र गंजाचा असतो. आणि सरळ रेषेत लांब गेलेली चीर दिसली तर जपून. स्लॅबमधली सळई सरळ असते, म्हणून तिच्यावरची चीरही सरळ जाते. लोखंड गंजले की झिजते हे आपल्याला माहीत आहे. ते फुगते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, आणि ती जागा मिळवण्यासाठी तो खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. पोपडा म्हणून आपण जो झाडून टाकतो तो कधी कधी स्लॅबचाच तुकडा असतो.

आता निर्णय. नुसता गिलावा सुटला असेल तर तो पूर्ण काढून घ्यावा, खालचे काँक्रीट टणक आहे ना ते पाहावे, आणि कोरडे होऊ द्यावे. एखाद-दुसरी सळई वरवर गंजली असेल तर जाणत्या गवंड्याकडून सुटे काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशने सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने जागा भरून घ्यावी. साध्या सिमेंट-वाळूचा नुसता थर गंजक्या सळईवर चोपडणारा गवंडी स्वस्तात काम करतो आणि दोन पावसाळ्यांत ते खाली येते. सळ्या खाल्ल्या गेल्या असतील, पापुद्रे सुटत असतील, स्लॅब खाली झुकल्यासारखा दिसत असेल, तर हे काम ना तुमचे ना गवंड्याचे. इंजिनिअरला बोलवावे आणि सोसायटीला लेखी कळवावे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायची असते, तीही त्याच उपविधींत आहे. आपल्या इमारतीची शेवटची कधी झाली हे वार्षिक सभेत विचारायला हरकत नाही. अशा स्लॅबखाली पट्ट्या लावणे म्हणजे पडणारा तुकडा पोकळ प्लास्टिकवर झेलण्याची आशा धरणे.

फोटो काढून ठेवा. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. झाकण्यापूर्वीचे छत चारही कोपऱ्यांसह टिपून ठेवले, तर पुढे तुलना करता येते.

सामान आणि हिशेब

बाथरूमला पीओपीचे छत करू नये. ते पाणी पिते आणि लोंबते. प्लायवूडही फुगते. पीव्हीसीला पाण्याचे भय नाही, वजन कमी, पुसले की स्वच्छ. बाजारात सर्रास मिळणारी पट्टी १० इंच रुंद आणि १० फूट लांब असते. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. घेताना दोन बोटांनी दाबून पाहावी. फारच पातळ असेल, कागदासारखी दबत असेल तर ती दुकानात राहू द्यावी.

पट्ट्या उभ्या लावायच्या की आडव्या, यावर पैसे ठरतात. ४ बाय ६ फुटांचे बाथरूम धरू. पट्ट्या ४ फुटांच्या बाजूने लावल्या तर ८ तुकडे लागतात, एका पट्टीतून दोन निघतात, म्हणजे ४ पट्ट्यांत काम. ६ फुटांच्या बाजूने लावल्या तर ५ तुकडे, एका पट्टीतून एकच निघतो, म्हणजे ५ पट्ट्या. दुकानदार पहिला हिशेब सांगेल. आम्ही दुसरा सांगतो, आणि त्याला कारण आहे. पट्ट्यांना आधार देणारे पत्र्याचे चॅनेल नेहमी पट्ट्यांच्या आडवे बसतात. पट्ट्या ४ फुटांच्या बाजूने गेल्या तर चॅनेल ६ फूट लांब होतात, मधे लोंबू नयेत म्हणून त्यांना स्लॅबमध्ये भोके पाडून टांगावे लागते. पट्ट्या ६ फुटांच्या बाजूने नेल्या, की चॅनेल फक्त ४ फुटांचे राहतात आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर आरामात बसतात. स्लॅबला एकही भोक नाही. वरच्यांचा पाईप फुटण्याची, ओल शिरायला नवी वाट करून देण्याची भीती नाही. एक पट्टी जास्त गेली तरी चालेल.

तीही वाया जात नाही. ५ पट्ट्यांचे ४ फुटी ५ तुकडे उरतात. शेजारी ३ बाय ४ फुटांचा संडास असेल तर त्याला ४ तुकडे लागतात. एकाच खरेदीत दोन्ही छते होतात आणि एक तुकडा दुरुस्तीला शिल्लक राहतो.

बाकी सामान असे. भिंतीला चारही बाजूंनी लावायचे जस्ताचा मुलामा दिलेले चॅनेल, मधले तीन चॅनेल, कडेची पीव्हीसी पट्टी, गट्ट्या आणि स्क्रू. काळे स्क्रू घेऊ नका. ते कोरड्या खोलीतल्या कामाचे. बाथरूममध्ये वर्षभरात गंजून पांढऱ्या छतावर ओघळ सोडतात. स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा मुलामा असलेले मागावेत. ड्रिल मशीन विकत घ्यायची गरज नाही, पुष्कळ हार्डवेअरच्या दुकानांत दिवसाच्या भाड्याने मिळते.

प्रत्यक्ष काम

प्रथम बाथरूमची वीज मेन बोर्डातून बंद. नुसते बटण बंद करून भागत नाही.

उंची ठरवताना जमिनीपासून ७ फुटांच्या खाली येऊ नये. लादी जिथे संपते त्याच्या लगेच वर रेघ घेतली तर लादीला भोके पाडावी लागत नाहीत. आता ही रेघ चारही भिंतींवर एका पातळीत हवी, आणि इथे गवंड्याची पारदर्शक नळीच कामाला येते. नळीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एकाने एक टोक पहिल्या खुणेला धरावे, दुसऱ्याने दुसरे टोक कोपऱ्याकोपऱ्यात न्यावे. पाणी जिथे थांबते तिथे खूण. स्लॅबवरून टेपने मोजून खुणा करणारे फसतात, कारण स्लॅब क्वचितच सरळ असतो. खुणा झाल्या की रंग लावलेली लाईनदोरी ताणून झटकायची, रेघ उमटते.

नळीचे दुसरे टोक घरातल्या बाईने धरायचे आणि ड्रिल बाप्याने, असा काही नियम नाही. बांधकामावर आपल्या आयाबहिणींनी आयुष्यभर घमेली वाहिली, पण थापी आणि ओळंबा त्यांच्या हाती क्वचितच दिला गेला. घरात तरी तो द्यावा. ड्रिल पकडायला ताकदीपेक्षा धीर लागतो.

भोक पाडताना नळाच्या आणि गिझरच्या बरोबर वरच्या सरळ रेषेत पाडू नये. भिंतीतला पाईप किंवा वायर बहुधा तिथूनच वर जाते. दीड-दोन फुटांवर एक गट्टी पुरे. भिंतीचे चॅनेल चारही बाजूंनी बसले की ४ फुटी तीन चॅनेल दीड-दीड फुटांच्या अंतराने आडवे टाकून दोन्ही टोकांना स्क्रूने पक्के करावेत. मग तीन बाजूंना कडेची पीव्हीसी पट्टी.

पट्ट्या कापण्यापूर्वी एक आकडेमोड. रुंदी ४८ इंच, पट्टी १० इंचाची. चार पूर्ण लावल्या तर शेवटची ८ इंचांची उरते, एका बाजूला अरुंद दिसते. त्यापेक्षा पहिली आणि शेवटची ९-९ इंचांची करून मधे तीन पूर्ण घ्याव्यात. ९, १०, १०, १०, ९. दोन्ही कडा सारख्या दिसतात. लांबीला मात्र दोन्ही टोकांना दोन-दोन सूत कमी कापायची. प्लास्टिक उन्हाळ्यात वाढते. भिंतीला घट्ट बसवली तर मे महिन्यात मधे फुगा येतो. सोडलेली फट कडेच्या पट्टीत लपते.

पहिल्या पट्टीची कापलेली कड भिंतीकडे, जीभ आपल्याकडे. स्क्रू जिभेवर मारायचा, पुढच्या पट्टीची खाच त्यावर बसते आणि स्क्रू दिसत नाही. फार आवळायचा नाही, जीभ तडकते. पट्टी नीट बसली नाही तर हातोडी नको, लाकडाचा ठोकळा लावून तळहाताने ठोकावे. शेवटची पट्टी थोडी धनुष्यासारखी वाकवून आत सरकवावी लागते. इथे दोन माणसे हवीतच.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पत्रा इतका तापतो, की त्याला चिकटून लावलेले पीव्हीसी मऊ पडून लोंबते. मधे निदान वीतभर जागा आणि वारा जायला दोन्हीकडे जाळी ठेवावी. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नये, कापू नये, घासू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर बाहेर येत नाही. भिंतीवरचीच चौकट करावी.

वारा, वीज आणि गॅस

छत खाली आले की झरोका त्याच्या वर जाणार नाही ना, हे काम सुरू करण्याआधीच पाहायचे. काही कारागीर सौंदर्यासाठी झरोका झाकून टाकतात. ज्या घरात गॅसचा गिझर बाथरूममध्ये आहे तिथे हा जिवाशी खेळ आहे. गॅस जळताना बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला कळण्याआधी शुद्ध हरपते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीच हवा. छताचे काम निघालेच आहे तर त्याच खर्चात तो बाहेर काढून घ्या. छत थोडे उशिरा झाले तरी चालेल. शिवाय पीव्हीसी ज्वाळेजवळ जळते आणि त्याचा धूर घशाला जाळतो.

एक्झॉस्ट फॅनची हवा थेट बाहेर जायला हवी. ती छताच्या वरच्या पोकळीत सोडली तर सगळी वाफ स्लॅबलाच लागते. दिवा एलईडीचा. वायर छताच्या वर उघडी टाकू नये, पाईपमधून न्यावी, आणि टेप गुंडाळलेला जोड वर लपवू नये. हे वायरमनकडून करून घ्यावे. त्याच वेळी घराला ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी आहे का ते विचारावे. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या मुलांच्या घरात तो असायलाच हवा.

आणि झाकण. वरच्या घराचा ट्रॅप किंवा पाईपचा सांधा जिथे आहे त्याच्या बरोबर खाली दीड फूट चौरसाचे उघडता येणारे झाकण ठेवावे, त्याला चारही बाजूंनी स्वतंत्र चॅनेलची चौकट द्यावी. कारागीर याला नाखूष असतात, छताची शोभा जाते म्हणतात. त्यांचे ऐकू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी झाकण काढून बॅटरीच्या उजेडात स्लॅब पाहायचा, मोबाईलमधला जुना फोटो शेजारी धरायचा. पट्ट्यांवर पाण्याचे डबके, गंजाचा चुरा किंवा काँक्रीटचे तुकडे दिसले तर झाकण पुन्हा लावण्याआधी गवंड्याला निरोप द्यावा. उंदीर-झुरळांसाठी कडेच्या फटी तपासाव्यात. झाकणाचे स्क्रू पुन्हा लावताना हाताने फिरवून जेवढे बसतील तेवढेच बसवावेत, मशीनने आवळू नयेत.